इंद्रलाल रॉय यांचे 'स्मारक नाणे' : सरकारी की खासगी?

नौपाडेकर (ठाणे पश्चिम) यांची विचारणा

नमस्कार. ठाण्यात नुकत्याच भरलेल्या नाणी व टपाल तिकिटांच्या एका प्रदर्शनात मी एक नाणे विकत घेतले. पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्या स्मरणार्थ ते काढलेले आहे, मर्यादित संख्येत काढलेले आहे आणि 999 शुद्धतेच्या चांदीचे आहे, असे विक्रेत्याने सांगितले व तशा मजकुराचे गुळगुळीत कागदावर छापलेले प्रमाणपत्रही सोबत दिले. प्रमाणपत्रावर सही आहे, परंतु ती कोणाची आणि कोणत्या नात्याने केलेली, हे कोठेही लिहिलेले नाही.

नाण्याचा व्यास 40 मिलिमीटर असून वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम असल्याचे त्या कागदावर म्हटले आहे. एका बाजूस रॉय यांचे गणवेशातील अर्धचित्र आहे. छातीवर वैमानिकाचे पंख असून त्यांच्याखाली पदकाची एक आखूड फीत दाखवलेली आहे, आणि कडेने त्यांचे नाव व 1898-1918 ही वर्षे कोरलेली आहेत. दुसऱ्या बाजूस एक दुपंखी विमान असून त्याचे नाक गोल, बुटके आहे. विमानाच्या खाली 'रॉयल एअर फोर्स 1917' आणि कडेने '10 दिवसांत 13 विजय' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. अशोकस्तंभाची सिंहमुद्रा किंवा रुपयांतील मूल्य दोन्ही बाजूंस नाही.

माझी शंका तिहेरी आहे. हे भारत सरकारने काढलेले नाणे आहे का, आणि असल्यास त्यावर मूल्य का नाही? ते चांदीचे आहे की नाही, हे त्याला ओरखडा न पाडता घरच्या घरी कसे पाहता येईल? आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्यावरील चित्र व मजकूर इतिहासाशी जुळतो का? माझा पुतण्या नववीत आहे आणि शाळेतील प्रदर्शनात हे नाणे माहितीच्या फलकासह मांडण्याची त्याची इच्छा आहे. मुलांसमोर चुकीची माहिती जाऊ नये, एवढ्यासाठी जाणकारांना विचारतो आहे.

टांकसाळवेडा (पाचपाखाडी)

आपण केलेल्या वर्णनावरूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे देता येते. हे भारत सरकारचे नाणे नाही. 2011 च्या नाणे अधिनियमात स्मारक नाण्याची जी व्याख्या आहे तिच्यानुसार असे नाणे सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेने पाडलेले असावे लागते, ते विशिष्ट प्रसंगाच्या वा घटनेच्या स्मरणार्थ असावे लागते, आणि त्यावरील मूल्य भारतीय चलनात व्यक्त केलेले असावे लागते. आपल्याकडील वस्तू या शेवटच्या अटीपाशीच अडते. याच कायद्याने धातूचे तुकडे पैशांच्या जागी चालवण्यासाठी तयार करण्यास खासगी व्यक्तींना मनाई केलेली आहे, म्हणून खासगी पदके तयार करणारे लोक त्यांवर रुपयांचा आकडा घालत नाहीत. मूल्य नाही, हा त्यांचा विसरभोळेपणा नसून कायद्यापासून अंतर राखण्याची त्यांची रीत आहे.

आपल्या सरकारी स्मारक नाण्यांचे रूप बऱ्यापैकी ठरलेले असते. पुढच्या बाजूस मध्यभागी सिंहमुद्रा, तिच्याखाली 'सत्यमेव जयते', एका बाजूस देवनागरीत 'भारत', दुसऱ्या बाजूस इंग्रजीत तेच नाव, आणि खाली रुपयाच्या चिन्हासह मूल्य. मागच्या बाजूस व्यक्तीचे वा वास्तूचे चित्र, आणि त्याभोवती हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मजकूर. मोठ्या मूल्याची जी चांदीमिश्रित नाणी बरीच वर्षे निघत आली, त्यांचा व्यास 44 मिलिमीटर, वजन 35 ग्रॅम आणि कडेवर 200 दाते असे प्रमाण होते. त्यांचा मिश्रधातू 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबे आणि प्रत्येकी 5 टक्के निकेल व जस्त असा होता. नव्या संसद भवनाच्या निमित्ताने 2023 साली निघालेले 75 रुपयांचे नाणे याच जातीचे आहे. टांकसाळीची खूणही पाहावी. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा आणि नोएडाची ठिपका असून कोलकात्याची मात्र खूण नसते. मुंबईच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या, नाण्यांवर पूर्वी इंग्रजी 'बी' असे, पुढे 'एम' आले.

नव्या संग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही अशी आणखी एक पडताळणी आहे. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालयाची अधिसूचना भारताच्या असाधारण राजपत्रात प्रसिद्ध होते आणि नाण्याचा धातू, वजन, व्यास, दात्यांची संख्या व दोन्ही बाजूंचे तपशीलवार वर्णन तिच्यात दिलेले असते. राजपत्राचे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. कोणी 'सरकारी स्मारक नाणे' म्हणून काही विकू लागला, तर त्याच्याकडे अधिसूचनेचा क्रमांक व तारीख मागावी. खरे नाणे विकणाऱ्यास ती सांगायला अडचण नसते, आणि इतरांच्या बाबतीत संभाषण तेथेच संपते. अधिक खात्री हवी असल्यास फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात एकदा जाऊन या. खरी नाणी काचेआड का होईना, पण जवळून पाहिली की नजर तयार होते, आणि ठाण्याहून तेथे जाणे फारसे कठीणही नाही.

तेव्हा आपल्याकडे आहे ते खासगी स्मृतिपदक. असे पदक काढणे बेकायदेशीर नाही आणि ते संग्रहात ठेवण्यातही काही गैर नाही. त्याला 'नाणे' म्हणून, सरकारी वाटेल अशा प्रमाणपत्रासह विकणे, हे मात्र मला स्पष्टपणे आक्षेपार्ह वाटते.

दुपंखी (खारघर)

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण या पदकाच्या रेखाटनकाराने चित्रातही आणि मजकुरातही पुरेसा गोंधळ केलेला आहे.

इंद्रलाल रॉय यांचा जन्म 2 डिसेंबर 1898 रोजी कोलकात्यात झाला. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर होते आणि आई ललिता रॉय इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत सहभागी होत्या. इंद्रलाल यांचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झाले. दृष्टी कमकुवत असल्याच्या कारणावरून वैमानिक म्हणून प्रथम त्यांना नाकारण्यात आले, तेव्हा त्यांनी स्वतःची मोटरसायकल विकून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि पहिला निकाल फिरवून घेतला, ही हकिकत त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात येते. जुलै 1917 मध्ये त्यांना रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारपद मिळाले. आपल्या पदकावरील पहिला दोष येथेच आहे. रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले ते 1 एप्रिल 1918 रोजी, सेनेचे फ्लाइंग कोअर व नौदलाची हवाई शाखा यांच्या विलीनीकरणातून. त्यामुळे 'रॉयल एअर फोर्स 1917' हा मजकूर कोणत्याही अर्थाने बरोबर ठरत नाही. 1917 हे वर्ष ठेवायचे असेल तर दलाचे नाव बदलावे लागेल, आणि दलाचे नाव ठेवायचे असेल तर वर्ष.

ऑक्टोबर 1917 च्या अखेरीस ते 56 व्या स्क्वाड्रनमध्ये गेले आणि डिसेंबरमध्ये त्यांचे विमान कोसळले. ते मृत समजून त्यांना शवागारात ठेवले गेले व तेथे शुद्धीवर येऊन त्यांनी दार ठोठावले, असे सांगितले जाते. बरे होण्याच्या काळात त्यांनी काढलेली विमानांची अनेक रेखाचित्रे आजही जपलेली आहेत. ज्या माणसाला विमानाचा प्रत्येक भाग रेखाटण्याची एवढी हौस होती, त्याच्याच पदकावर चुकीचे विमान यावे, हा योगायोग मला खटकतो.

विमान चुकीचे आहे, असे मी आपल्या वर्णनावरून म्हणतो आहे. नाक गोल व बुटके असणे हे सॉपविथ कॅमलचे लक्षण आहे, कारण कॅमलमध्ये गोलाकार फिरते इंजिन बसवलेले असे आणि त्यावर गोल झाकण येई. त्याच्या दोन मशीनगन वैमानिकाच्या पुढ्यात शेजारी शेजारी असत. रॉय ज्या एस.ई.5ए विमानातून लढले त्याचे इंजिन पाण्याने थंड होणारे, आठ सिलिंडरचे होते, आणि त्यामुळे त्याच्या नाकाशी मोटारगाडीसारखा चौकोनी रेडिएटर दिसतो. एक विकर्स मशीनगन नाकावर डावीकडे असे आणि दुसरी, लुईस जातीची, वरच्या पंखावर एका कमानदार रुळावर बसवलेली असे. पदक उजेडात धरून वरच्या पंखावर ती मशीनगन आहे का ते पाहा. ती नसेल आणि नाक गोल असेल, तर पुढे वाद घालण्यासारखे काही उरत नाही. कॅमलचे चित्र बाजारात सहज मिळते, ते उचलून लावले असावे, एवढाच निष्कर्ष मी काढेन.

आकड्यांची तर अदलाबदलच झालेली आहे. जून 1918 मध्ये रॉय 40 व्या स्क्वाड्रनमध्ये जॉर्ज मॅकएलरॉय यांच्या तुकडीत रुजू झाले आणि 6 ते 19 जुलै या अवघ्या 13 दिवसांत त्यांच्या नावावर 10 हवाई विजयांची नोंद झाली. त्यांपैकी 2 विजय इतर वैमानिकांसह सामायिक होते. त्यांचे एकूण उड्डाण जेमतेम 170 तासांचे होते. आपल्या पदकावर 10 दिवस आणि 13 विजय असे उलटे आले आहे. पाच किंवा अधिक विजय मिळवणाऱ्या वैमानिकास 'एस' म्हणण्याची त्या काळची पद्धत होती आणि त्या मापाने ते पहिले भारतीय एस ठरतात. त्यासाठी आकडा फुगवण्याची काहीच गरज नव्हती.

राहिली छातीवरील फीत. 22 जुलै 1918 रोजी फ्रान्समध्ये कारव्हँ या गावाच्या परिसरात जर्मन फोकर डी.7 विमानांशी झालेल्या झुंजीत रॉय मारले गेले. तेव्हा त्यांचे वय 19 वर्षांचे होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा सन्मान जाहीर झाला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे मरणोत्तर. तेव्हा छातीवर त्याची फीत लावलेले रॉय ही प्रत्यक्षात कधीही न घडलेली गोष्ट आहे. रेखाटनकाराने फितीवर तिरप्या रेघा कोरल्या असतील तर त्यात आणखी एक घोळ आहे, कारण 1919 पर्यंत त्या फितीवरील पट्टे आडवे होते, तिरपे नंतर झाले. मॅकएलरॉय हेही 31 जुलैला, म्हणजे रॉय यांच्यानंतर नवव्या दिवशी, मारले गेले.

रॉय यांची कबर फ्रान्समधील एस्तेव्हेल गावच्या दफनभूमीत असून तिच्यावर बंगाली व फ्रेंच अशा दोन भाषांत मजकूर आहे. कोलकात्यातील भवानीपूर भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे भाचे. डाक विभागाने त्यांच्यावर डिसेंबर 1998 मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, एक तिकीट काढले आणि 2019 मध्ये पुन्हा काढले. पुतण्याच्या मांडणीत पदकाशेजारी यांपैकी एखादे तिकीट ठेवता आले, तर मुलांना सरकारने केलेले स्मरण आणि खासगी व्यक्तीने केलेले स्मरण एकाच वेळी पाहता येईल.

कसोटी (कळवा)

आमच्या घरात तीन पिढ्या सराफीचा व्यवसाय आहे, म्हणून चांदीपुरते लिहितो. घासून पाहू नका आणि आम्ल तर मुळीच लावू नका. चुंबक लावून पाहणे हा निम्माच पुरावा आहे. चिकटले तर आत लोखंड किंवा भरपूर निकेल आहे हे कळते, परंतु चिकटले नाही म्हणून चांदी सिद्ध होत नाही, कारण पितळ आणि तांबेही चिकटत नाहीत.

घरच्या घरी भरवशाची परीक्षा घनतेची आहे. दागिने तोलण्याचा दोन दशांश स्थळे दाखवणारा लहान डिजिटल काटा बाजारात सहज मिळतो. प्रथम पदक कोरडे तोला. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पदकाला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल, परंतु पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असे हातात धरून ठेवा. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटकून टाका. आता काटा जो आकडा दाखवेल तो पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते.

शुद्ध चांदीची घनता 10.49 आहे. त्या हिशेबाने 31.1 ग्रॅमची शुद्ध चांदी पाण्यात धरली असता काट्याने 2.96 च्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. तांबे असेल तर तो सुमारे 3.47 येईल आणि पितळ असेल तर 3.65 च्या घरात. हा फरक घरच्या काट्यावरही स्वच्छ दिसतो. पाचपाखाडीच्या सदस्यांनी सांगितलेल्या सरकारी मिश्रधातूची घनता साधारण साडेनऊ येते, तेही ताडून पाहण्यास उपयोगी पडेल.

एवढ्याने समाधान झाले नाही तर कोणत्याही चांगल्या पेढीवर क्ष-किरणांनी धातू मोजणारे यंत्र असते. मात्र ते यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचते. वर चांदीचा जाड मुलामा असेल तर ते फसू शकते, घनता फसत नाही. चांदीवर हॉलमार्क घेणे आजही ऐच्छिक आहे, म्हणून हॉलमार्क नसणे हा खोटेपणाचा पुरावा होत नाही. परंतु 999 असा दावा करणाऱ्याने तो घेतलेला असेल, तर गिऱ्हाइकाला वाद घालावा लागत नाही.

निवृत्त भांडारपाल (ऐरोली)

वरील सर्व माहिती मोलाची आहे, परंतु चर्चेचा रोख पूर्णपणे विक्रेत्याकडे वळला आहे, म्हणून थोडे निराळे मांडतो. पदक खासगी आहे, विमान चुकीचे आहे, आकडे उलटे आहेत, हे सर्व मान्य. तरीही रॉय यांचे नाव किती जणांना ठाऊक होते? ठाण्यातील एका कुटुंबात आज त्यांच्यावर बोलणे होते आहे ते या सदोष वस्तूमुळेच. धातूवर माणसाचे नाव आले की ते टिकते, म्हणून असे उपक्रम खासगी लोकांनी केले तरी मी त्यांचे स्वागत करीन. त्यांच्याकडून फक्त जाणकाराचा सल्ला घेण्याची अपेक्षा ठेवावी.

सरकारी टांकसाळींचा अनुभव पाहिला तर त्याही लढाऊ वैमानिकाचे नाव कोरण्यापेक्षा त्याचे विमान किंवा त्याची तुकडी कोरणे पसंत करतात असे दिसते. ब्रिटनच्या टांकसाळीने 2017 साली पहिल्या महायुद्धातील हवाई युद्धावर 2 पौंडांचे नाणे काढले. त्यावर आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ एफ.के.3 हे दोन आसनी विमान वरून पाहिल्यासारखे दाखवले असून कडेवर 'आकाशातून वीरांचा वर्षाव झाला' अशा अर्थाची ओळ आहे, पण नाव कोणाचेही नाही. पुढल्या वर्षी त्यांच्या हवाई दलाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या नाण्यांत स्पिटफायर होते, व्हल्कन होते. अमेरिकेने 2021 च्या आरंभी टस्कीगी येथे प्रशिक्षित झालेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या स्मरणार्थ पाव डॉलरचे नाणे काढले. त्यावर उड्डाणाची तयारी करीत वर पाहणारा एक वैमानिक, मागे मोटन फील्ड या विमानतळाचा नियंत्रण मनोरा आणि 'ते दोन युद्धे लढले' असा मजकूर आहे. एक युद्ध शत्रूशी आणि दुसरे स्वदेशातील वर्णभेदाशी, इतका मोठा अर्थ एवढ्याशा नाण्यावर मावला, म्हणून माझ्या मते या प्रकारातील ते सर्वोत्तम नाणे आहे. तेथेही वैमानिक अनाम आहे. मार्शल बेटांनी 1991 पासून दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची डॉलरमध्ये मूल्य असलेली नाणी ओळीने काढली, ती तर उघडपणे संग्राहकांच्या खिशाकडे पाहून.

आणि चुका फक्त खासगी लोकच करतात असे नाही. फ्रान्सने 1990 च्या दशकात 50 फ्रँकच्या नोटेवर आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी यांना स्थान दिले. दुसऱ्या महायुद्धात टेहळणी विमान चालवताना बेपत्ता झालेले वैमानिक व लेखक, असा त्यांचा लौकिक. त्या नोटेच्या पहिल्या छपाईत त्यांच्या आडनावातील एका अक्षरावर नसलेले स्वरचिन्ह छापले गेले आणि ते नंतर काढावे लागले. एका देशाची मध्यवर्ती बँक चुकू शकते, तर प्रदर्शनातील टेबलावर पदके मांडणाऱ्याला थोडी सवलत देण्यास हरकत नाही.

आपल्याकडे 1965 च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2015 साली 5 रुपयांचे नाणे निघाले आणि ते चलनातही आले. व्यक्तिगत स्मरणाचा विचार करायचा झाला तर माझ्या डोळ्यांसमोर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों येतात. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानी सेबर विमाने बॉम्ब टाकत असताना ते आपले नॅट विमान घेऊन उडाले आणि संख्येने अधिक असलेल्या शत्रूशी लढताना धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलातील एकमेव अधिकारी आहेत. 2023 च्या जानेवारीत अंदमान-निकोबारमधील 21 बेटांना परमवीर चक्रधारकांची नावे देण्यात आली, त्यांत त्यांचेही नाव आहे. त्यांच्या स्मरणार्थ नाणे निघाले तर एका बाजूस नॅटची ती इवलीशी आकृती आणि दुसऱ्या बाजूस सेखों यांचा चेहरा असावा. परमवीर चक्राचे रेखाटन मराठी घराच्या सूनबाई सावित्रीबाई खानोलकर यांचे आहे. इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आणि मध्यभागी राजमुद्रा एवढ्याच साहित्यावर उभे असलेले ते रेखाटन इतके नेटके आहे, की नाणी रेखाटणाऱ्यांनी ते समोर ठेवूनच कामाला बसावे.

टांकसाळवेडा (पाचपाखाडी)

ऐरोलीच्या सदस्यांनी मागितलेली सवलत मला देववत नाही. फ्रान्सच्या बँकेने आपली चूक दुरुस्त केली, कारण नोटेमागे कोण उभे आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि जबाब मागता येत होता. येथे प्रमाणपत्रावरील सही कोणाची तेही कळत नाही. लोकांना नाव कळले हे खरे, पण त्याबरोबर 13 विजयांचा आकडाही कळला, आणि धातूवर कोरलेले तेवढेच चिवटपणे टिकते.

सेखों यांच्या नाण्याची कल्पना मात्र मनापासून आवडली. असा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो. एकट्या नागरिकाच्या पत्रापेक्षा संबंधित मंत्रालय किंवा एखादी संस्था पाठीशी असेल, आणि शताब्दीसारखे निमित्त असेल, तर त्यास वजन येते. भारतीय हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची आहे, त्यामुळे 2032 हे वर्ष त्यासाठी सर्वांत सोयीचे दिसते. एकाच वेळी रॉय, सेखों आणि 1965 मध्ये पाकिस्तानातील सरगोधा हवाई तळावरील हल्ल्यात प्राण अर्पण केलेले, पुढे 1988 मध्ये महावीर चक्राने गौरवलेले स्क्वाड्रन लीडर देवय्या, अशा तिघांचा संच सुचवता येईल. रॉय यांनी सेवा ब्रिटिश दलात केली, यावर कोणी बोट ठेवील. परंतु टपाल खात्याने दोनदा तिकीट काढून तो प्रश्न आधीच निकालात काढलेला आहे.

नौपाडेकर (ठाणे पश्चिम)

सर्वांचे आभार. कळव्याच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे पदक तोलले. कोरडे वजन 31.2 ग्रॅम भरले आणि पाण्यात बुडवल्यावर काट्याने 3.59 दाखवले. म्हणजे घनता 8.7 च्या जवळ येते. चुंबकाला ते चिकटत नाही. भिंगातून पाहिले असता विमानाच्या वरच्या पंखावर मशीनगन नाही, नाकावर शेजारी शेजारी दोन मशीनगन आहेत आणि फितीवरील रेघा तिरप्या आहेत.

विक्रेत्याकडे अधिसूचनेचा क्रमांक मागितला असता त्याने विषय बदलला. घनतेचा आकडा सांगितल्यावर 'वरून चांदीच आहे' असे उत्तर मिळाले. पैसे परत मिळावेत म्हणून पावती व प्रमाणपत्राच्या प्रती जोडून त्याला लेखी पत्र दिले आहे. पुतण्याला मात्र हे पदक आता अधिकच हवे आहे. त्याच्या फलकाचा विषय बदलला असून पदकावर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय घडले, हे तो शेजारी शेजारी मांडणार आहे. खारघरच्या सदस्यांनी त्यासाठी नेमका मजकूर सुचवल्यास उपकार होतील.

कसोटी (कळवा)

8.7 म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू, ज्याला बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात, किंवा त्याच्या जवळचे पितळ. आत चांदी नाही, वर मुलामा आहे. पावतीवर 'चांदी' किंवा '999' हे शब्द असतील तर आपली बाजू भक्कम आहे. लेखी पत्राला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही तर ठाण्यातील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पदक परत करावे लागण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून ठेवावीत. फलकावर तीही चालतील.

दुपंखी (खारघर)

फलकासाठी मजकूर असा ठेवावा: 'लेफ्टनंट इंद्रलाल रॉय, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस (मरणोत्तर). जन्म कोलकाता, 2 डिसेंबर 1898. मृत्यू फ्रान्स, 22 जुलै 1918. प्रथम रॉयल फ्लाइंग कोअर आणि 1 एप्रिल 1918 पासून रॉयल एअर फोर्स. विमान एस.ई.5ए. 6 ते 19 जुलै 1918 या काळात 10 हवाई विजय, त्यांपैकी 2 सामायिक.'

'त्यांपैकी 2 सामायिक' हे शेवटचे शब्द जागा वाचवण्यासाठी कोणी गाळू पाहील, ते गाळू देऊ नका. विमानाच्या चित्राखाली 'हे सॉपविथ कॅमल आहे' एवढेच लिहावे आणि शेजारी एस.ई.5ए चे बाजूने दिसणारे चित्र लावावे. दोन्ही विमानांची नाके एका रेषेत आणली, तर फरक सांगण्यासाठी पुतण्याला वेगळे काही लिहावे लागणार नाही.